पाताळनाथाचा गारवा

पेटता दिवा दोरीने खाली सोडला आणि गायरानात जमलेली दोन-तीनशे माणसं माना उंचावून बघू लागली. खड्डा दोन पुरुष खोल. अर्ध्यावर ज्योत थरथरली, हातभर आणखी खाली गेली आणि कुणी चिमटीत धरावी तशी विझली. वारा नाही, पाणी नाही.

"बघितलासा?" पाताळनाथ महाराज पाटावरून गरजले. "आई खाली श्वास घेतीया! चाळीस वरसं निजली हुती. कंपनीवाल्यांनी टोपण काढलं, तिची झोपमोड केली. आता ती गावाचा घास मागनार! एक पाताळ, दोन पाताळ, साती पाताळं माझ्या वळकीची हायत, म्हनून थांबलीया!"

बायकांनी पोरं जवळ ओढली. सातही पाताळांशी ओळख असलेला माणूस उन्हाला मात्र डोळ्यांवर रुमाल धरून बसला होता. पण हसायला कुणाला सुचत नव्हतं. मीही दोन पावलं मागे सरकलो होतो.

त्या खड्ड्याच्या तळाशी एक जुनी बोर आहे. चाळीस वर्षांपूर्वी तेल-वायूच्या शोधात ती खोल मारली होती. काही लागलं नाही, म्हणून झाकण ठोकून लोक निघून गेले. यंदा एक कंपनी आली. कारखान्यातून हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड पाण्यात मुरवायचा आणि या बोरीतून खोल काळ्या खडकात सोडायचा. तिथे तो सावकाश दगड होऊन बसतो का, हे बघायचं, असा त्यांचा प्रयोग. सुरू काहीच झालं नव्हतं, नुसती तपासणी झाली होती. पण लोक बिचकले होते. तेवढ्यात महाराज आले, काठाला चटया अंथरल्या आणि आपलं आसन मांडलं.

त्यांचा आणखी एक चमत्कार होता. एप्रिलचं ऊन पोळत असताना महाराजांच्या पाटापासून खड्ड्यापर्यंत चटईचा वीतभर रुंद पट्टा बर्फासारखा गार असायचा. चपला काढून लोक रांग लावत आणि तिथे कपाळ टेकत. "गंगेचा गारवा हाय, घ्या भरभरून!" महाराज म्हणायचे.

मी गावच्या वाचनालयात एकतीस वर्षं पुस्तकं दिली-घेतली. चारचौघांत बोलायची वेळ आली की मी मागच्या रांगेत सरकतो. त्यामुळे काय चाललंय ते मी नुसतं पाहत राहिलो असतो. पण आदल्या आठवड्यात हंबीररावांची सून संयोगिता पडलेला दिवा काढायला कमरेला दोर बांधून शिडीने तळाजवळ उतरली आणि तिथेच कोसळली. लोकांनी ओढून वर काढली म्हणून वाचली. महाराज म्हणाले, "आईनं पोरगी धरलीया. मंगळवारी पाळण्यात बसवून तळाला सोडा. एकशे आठ नावं हुईस्तवर वर घ्यायची न्हाय."

जिथे दिवा जगत नाही, तिथे माणूस कसा जगेल?

सोमवारी सकाळी, महाराजांचा दरबार भरायच्या आधी, मी एकटाच गेलो आणि मेणबत्ती दोरीला बांधून खाली सोडली. ती तळाला नीट जळत राहिली. मी तीनदा करून पाहिलं. म्हणजे बोर वायू सोडत नव्हती. मग दुपारी दिवा का विझतो? घरी येऊन सरपंचांना पत्र लिहिलं आणि फाडलं. मी चुकत असलो तर? माझं ज्ञान ते काय, पुस्तकांतलं.

मंगळवारी भर दुपारी संयोगिताला पाळण्यात बसवलं. तिची सासू आक्का तोंडात पदर कोंबून उभी होती. पाळण्याचा दोर हंबीररावांनी धरला होता.

"थांबा," मी म्हणालो. शेजारच्यालाही ऐकू गेलं नसावं.

"आण्णा काय म्हनत्यात?" कुणीतरी माझ्याकडे बघून विचारलं.

"पुस्तकातलं काय तर आसंल. गप बसा की वो आण्णा!"

तेवढ्यात मागून आवाज आला, "आयला, दिवा इझला की आमी मानूस सोडत न्हाय!" तो गुंडू होता. उभा जन्म विहिरी खणण्यात गेलेला म्हातारा. "माझा भाऊ आसाच गेला. पोरीला वर घ्या!"

"नास्तिकाची जीभ झडंल!" महाराज ओरडले. "सोडा पाळना!"

पाळणा हलला. बोर वायू सोडत नसेल, तर तो त्या गार पट्ट्याखालून येत असणार, एवढंच मला सुचलं. मी रांग मोडून पुढे घुसलो, गार पट्ट्यावर कपाळ टेकल्यासारखा गुडघ्यांवर पडलो आणि चटई दोन्ही हातांनी उचलली.

खाली तांब्याची नळी होती. तिच्यावर पांढरं दव गोठलं होतं. माझी बोटं तिला चिकटली.

"नळी!" या वेळी मी खरंच ओरडलो. "हंबीरराव, पोरगी वर घ्या! हा वायू वरनं सोडलाय!"

गुंडूने महाराजांचा पाट लाथेने उलथवला. खाली माती उकरून एक लोखंडी सिलिंडर आडवा पुरला होता. सोडावॉटरवाले वापरतात तो. बाटलीत बुडबुडे येतात ते ज्या वायूचे, तोच हा, कार्बन डायऑक्साइड. हवेपेक्षा जड, म्हणून खड्ड्यात पाण्यासारखा साठतो आणि रात्रभरात हळूहळू विरतो. त्यात ज्योत विझते आणि माणूस गुदमरतो. सिलिंडरमधून जोरात बाहेर पडताना तो इतका गार होतो की नळीवर बर्फ धरतं. तीच ती गंगा. जो वायू कंपनी गाडील म्हणून गाव घाबरलं होतं, तोच महाराजांनी स्वतः आणून गावाला पाजला होता.

महाराज उसातून पळाले, पण पोरांनी त्यांना बांधावर गाठलं आणि पोलीस येईपर्यंत बसवून ठेवलं. गुंडूने लिंबाचे डहाळे दोरीला बांधून खड्डा तासभर घुसळला, हवा बदलली आणि मग दिवा सोडला. तो जळत राहिला.

संयोगिता पाळण्यातून उतरून आक्काशेजारी बसली होती. हंबीरराव तिच्याकडे बघू शकत नव्हते.

"मामंजी," ती म्हणाली, "उतरतीस का म्हनून मला येकानंबी इचारलं न्हाय."



आठ दिवसांनी कंपनीचे इंजिनिअर ग्रामसभेत आले. पहिला प्रश्न संयोगितानेच विचारला. "जुन्या बोरीचं सिमिट चाळीस वरसांनी धरून हाय का, ते कसं तपासलासा? वायू वर आला तर आमाला कसं कळनार?" इंजिनिअरने अर्ध्या प्रश्नाचं उत्तर दिलं. उरलेल्या अर्ध्यासाठी कागद आणि मोजायचं यंत्र घेऊन परत येतो म्हणाला. "तवर बोर बंद," गावाने सांगितलं. मला ते पटलं. ही योजना चांगली की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

भीती वाटली यात गावाचं काही चुकलं नाही. जमिनीत काय गाडलं जातंय याची भीती वाटायलाच हवी. चूक झाली ती ही, की ती भीती मोजायच्या ऐवजी एका पाटावर नेऊन वाहिली. तुमच्या गावातही कुणी असा पाट मांडील. तेव्हा चटई उचलून बघा. महाराजांचीही आणि कंपनीचीही. भीती वाटत असेल तर वाटू द्या, मलाही वाटत होती. पण पाळणा खाली जायच्या आधी उचला.