ठकीचा चौकोन

मनकर्णाबाई विलायतेहून परत आल्या तेव्हा गावच्या विहिरी कोरड्या पडल्या होत्या, आणि चारचौघींत सांगावं असं त्यांच्याजवळही काही उरलं नव्हतं.

चिखलीच्या मुलींच्या शाळेत जन्मभर इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या बाई. एकुलता एक मुलगा सहदेव तिकडे डॉक्टर, म्हणून कायमच्या राहायला गेल्या होत्या. त्याच्या गावाजवळ एका फार जुन्या दफनभूमीचं उत्खनन चालू होतं. हौसेनं येईल त्याला कामावर घेत. बाईंनी नाव दिलं. सगळ्या पोरांत ही एकटी साठीची, लुगड्यावर सहदेवचा जुना स्वेटर घातलेली. दोरी बांधून चौकोन आखायचा, गुडघे टेकायचे, लहानशा थापीनं माती खरवडायची, कुंचल्यानं झाडायची. बाईंचा हात असा बसला, की तिथल्या मुख्य मॅडम नव्या पोरांना बाईंचा चौकोन दाखवू लागल्या.

मग एका सकाळी त्याच चौकोनात तान्ह्या लेकराची हाडं निघाली.

बाईंचा एक नेम होता. त्यांची पहिली लेक ठकी रांगती असतानाच गोवरानं गेली. गावच्या रिवाजाप्रमाणे तिला जाळलं नाही, नाल्याकाठी लहान लेकरांच्या जागेत, एका बाभळीखाली पुरलं. तेव्हापासून सकाळचा चहा घेण्याआधी चमचाभर दूध बाई ठकीच्या नावानं भुईवर सोडत, गावी असल्या तर त्या बाभळीपाशी, नाहीतर असतील तिथं. परगावी असल्या तरी, आजारी असल्या तरी. त्या सकाळी त्यांनी डब्यातलं दूध त्या परक्या लेकराच्या तोंडाशी सोडलं आणि हात जोडले.

तिथली माती तपासायला जायची होती. ती दुधानं नासली. मॅडम रागावल्या नाहीत, उद्यापासून येऊ नका एवढंच म्हणाल्या. रागावला सहदेव. "आई, मला या लोकांत राहायचं आहे. तुला कळत कसं नाही?" त्यानं परतीचं तिकीट काढून दिलं. थापी आणि कुंचला तेवढे बाईंच्या पिशवीत राहून गेले.

गावी आल्या तर नाल्यावर दुष्काळी काम लागलेलं. पाझर तलावाची पाळ घालायला माती हवी होती, आणि ती लेकरांच्या जागेतूनच निघत होती. अर्धी जागा उकरूनही झाली होती. जिच्याखाली ठकीला ठेवलं ती बाभूळ कधीच तुटली होती, पण खुंट अजून होता. मजुरांची फावडी त्या खुंटाच्या रोखानं चालली होती.

बाई मुकादमाकडे गेल्या. त्याचं नाव कारभारी, त्यांच्याच भावकीतला.

"कारभारी, एवढा कोपरा मले आजच्या दिवस दे. माही ठकी आहे तिथं. पाळीत नको जाऊ देऊ तिले."

"काकू, सायेब आले तं मी काय सांगू? लोकायचं पोट आहे या कामावर."

"कोणाले थांबवून नाही राह्यली मी. तुम्ही तिकडून खोदा."

कारभारीनं टोपी मागं सारली. "दुपारपर्यंत. पुढं माह्या हातात नाही."

बाईंनी खुंटाशी चार खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, पदर खोचला. माती वाहणाऱ्या बाया टोपल्या टेकवून बघू लागल्या.

"मास्तरीणबाई रांगोळी काढून राह्यल्या काय वो?"

"विलायतेची रांगोळी आहे वं ती!"

जाऊबाई वच्छलाबाई त्यांतच होत्या. त्या हसल्या नाहीत. "लोकं तिकून साड्या, घड्याळं आणतात," त्या म्हणाल्या, "आन् तुम्ही मेलेलं उकरायचं शिकून आल्या, जाऊबाई. निजलेलं लेकरू उठवू नाही."

"निजू देऊन राह्यले काय हे लोक तिले?" बाई म्हणाल्या आणि खाली वाकल्या.

ऊन चढलं. थापी हळूहळू चालत होती. माती आधी पांढुरकी, मग काळी लागली. मग कुंचल्याखाली बोटभर हाड आलं, आणि मनगटाच्या जागी काळे मणी. ठकीला दृष्ट लागू नये म्हणून सासूबाईंनी बांधले होते तसेच.

"ठके," त्या पुटपुटल्या.

मागून कोणीतरी टोपली टाकली. ती भिमाबाई, माती वाहणारी. "हे माह्या पोराचे मणी होत. याच बाभळीखाली ठेवला होता म्या त्याले."

"भिमा, हे ठकीचे..."

"काऊन? तुमच्याच लेकीले मणी होते काय?"

तिसरी बाई आली. तिचंही लेकरू तिथंच होतं, तिनंही काळे मणीच बांधले होते. बाईंनी कुंचला पुढं नेला, तशी पलीकडे दुसरी कवटी दिसली, वाटीएवढी. तिच्याखाली आणखी एक. गावातल्या कोणाच्या लेकराला काळे मणी बांधत नव्हते? बाया एकेक करून चौकोनाभोवती बसल्या आणि एकीचा हुंदका फुटताच साऱ्याच रडू लागल्या. काम थांबलं.

कारभारी धावत आला. "ज्या बसल्या त्यायची आजची हाजरी नाही लागायची!"

रडणं तिथंच थांबलं. बाया डोळे पुसून उठल्या. जाता जाता भिमाबाई बाईंकडे वळली. तिचा आवाज चढला नव्हता.

"इतके वरीस मले वाटे, माहा गण्या त्या खुंटापाशी आहे. येता-जाता हात लावत होती मी. आता कोणता माहा, कोणता तुमचा? तुमच्या विद्येनं माहं एवढंही नेलं, बाई."

मॅडमनं बाईंना हाडाची लांबी मोजायला शिकवलं होतं. आई कोण ते कसं ओळखायचं, ते कोणी शिकवलं नव्हतं.

दुपार झाली. कारभारीनं दोरी काढून हातात दिली. मजुरांनी चौकोनातली माती टोपल्यांत भरली, हाडं, मणी, सगळं एकत्र, आणि पाळीवर नेऊन ओतली. मागून माती चोपणारे दुरमुस चालले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनकर्णाबाई चमच्यात दूध घेऊन पाळीशी उभ्या राहिल्या. नाल्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत पाळ सारखीच होती, चोपून बसवलेली. भिमाबाई टोपली घेऊन जवळून गेली, थांबली नाही. बाई या टोकाहून त्या टोकाला चालत गेल्या, परत आल्या.

मग घरी आल्या. चमच्यातलं दूध चहाच्या भांड्यात ओतलं, आणि चहा घेतला.