नारळासकट साडेचार किलो

मी ओंडका बोलतोय. हळूच ऐका, माझ्या अंगावर ती डुलकी घेतेय.

माहूरच्या डोंगराखाली ओढ्याकाठी मी अर्जुनाचं झाड होतो. शेंड्यावर गिधाडांची घरटी असायची. वादळात उन्मळलो, तरी अजून डोळा लागला की फांद्यांत पिल्लांची थरथर जाणवते. फांद्याच उरल्या नाहीत, हे मग आठवतं.

गिधाडांचा अभ्यास करणाऱ्या लुंबिनीनं मला या माळावर आणलं. इथं मेलेली जनावरं टाकतात. माझ्याखाली तिनं वजनकाटा बसवला. गिधाड बसलं की तेवढ्यापुरता, माझं वजन वजा करून, दूरच्या झोपडीत तिला आकडा दिसतो. पकडणं नाही, सुई नाही. आता माझ्यावर डुलकी घेणारी ही मादी तेव्हा अंड्यावर होती. हात लावला असता तर घरटंच सोडून गेली असती.

रोज सकाळी लुंबिनी वाकून काटा पुसायची. शेळ्या राखणाऱ्या साखराबाईला वाटलं, पोरगी पाया पडतेय. माणसांचं असंच, कुणी वाकलं की यांचे हात जुळलेच! तिनं मला शेंदूर फासला आणि गुपचूप माझ्या ढोलीत नारळ ठेवला.

आठवड्यानं ती मादी येऊन बसली. आकडा पूर्वीइतकाच, साडेचार किलो. लुंबिनी खूश. मला मात्र ती हलकी लागली, फार हलकी. ओरडून सांगावंसं वाटलं, पण लाकडाला कुठलं तोंड! जीव नुसता तुटत राहिला.

मग एके सकाळी साखराबाई दुसरा नारळ घेऊन आली.

"हे काय, मावशी?"

"तुह्या गिधाडासाठी नवस बोलले माय. लई वाळून राहिलंय ते. पहिला नारळ आत हाय."

लुंबिनीनं नारळ काढून तोलला. अर्धा किलो. ती माझ्यावरच बसली. "म्हंजे चारच किलोची हाय ती," म्हणाली आणि रडली.

त्याच दिवशी गावोगाव फोन गेले. जी मेलेली जनावरं लोक पुरून टाकायचे, ती माळावर येऊ लागली. गिधाडांना मारक ठरणारं दुखण्यावरचं इंजेक्शन जनावराला दिलं नव्हतं ना, एवढं आधी विचारलं जाई. गावातल्या हणमंतरावांनी तर आपला मेलेला म्हातारा देवणी बैल स्वतः आणून दिला. त्याच्या कपाळावरून हात फिरवून ते बराच वेळ उभे होते.

आज आकडा पुन्हा साडेचार. ढोली रिकामी असताना.

"पावला का गं?" झोपडीत साखराबाईनं हळूच विचारलेलं वाऱ्यानं माझ्यापर्यंत आणलं.

देव न मानणारी लुंबिनी हसली. "हाव मावशी, पावला."

नारळ आता पलीकडच्या दगडावर असतो. तुम्ही आलात तर तुमचाही तिथंच ठेवा, एवढंच मागणं. माझ्यावर तिचं एकटीचं ओझं असू द्या.