विलायती मोटारीचा आवाज

ऐंशी साली कापडवाल्या ताराचंदशेठनी नागपूरहून विलायती मोटार आणली. पळायची वाऱ्यासारखी, पण मांजरीच्या पावलानं. सेलूच्या बाजारात कोणी मेलं मान वर करेना! शेठचा नुसता तिळपापड व्हायचा. शेवटी त्यांनी रूपराव मिस्त्रीला फर्मावलं, "सायलेन्सरची जाळी काढून टाक. केळझरहून निघालो तं सेलूत समजलं पायजे!"

समजलं. मोटार अशी गरजायची की बैल बिचकून जू टाकायचे. तरी शेठला चैन पडेना. दुकानात बूड टेकेना, उठसूट चकरा.

एकदा मोटार वेशीपाशीच बंद पडली. शेठ चडफडत पायी घरी आले आणि अंगणाच्या दारातच थबकले. बायको, सुलोचनाबाई, शेजारणींसोबत शेवया करताना डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होत्या. बायकोला असं हसताना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. ते दिसताच सगळ्या गप्प झाल्या, माना खाली गेल्या.

जेवताना शेठ पुटपुटले, "जाळी परत बसवून घेतो. लय कल्ला होते."

"काऊन?" वाढता वाढता सुलोचनाबाईंचा हात थांबला. "राहू द्या न तो आवाज. तुम्ही येऊन राह्यले, हे आधी समजते तं बरं राह्यते."