टोपलीतले तुकडे

मित्रांनो, शिलाई मशीनच्या खाली एक वेताची टोपली आहे. तिच्यात अस्तराचे तुकडे, उरलेली लेस, उसवलेल्या कॉलरी आणि जोडीदार हरवलेल्या बटणांची एक पिशवी आहे. या सगळ्याच्या तळाशी जो चपटा, काळा, एका बाजूची बिजागरी मोडलेला जीव पडला आहे, तो मी. मी एक जुना लॅपटॉप आहे. तुम्ही म्हणाल, बिचारा, शेवटी चिंध्यांत जाऊन पडला! घाई करू नका. आधी माझी हकिकत ऐका, मग कीव करायची की नाही ते ठरवा.

माझा जन्म एका लांबलचक, पांढऱ्याशुभ्र दालनात झाला. हातमोजे घातलेल्या एका माणसाने माझ्यात सगळे साठवून ठेवणारी चकती बसवली, दुसऱ्याने स्क्रू पिळले, तिसऱ्याने पडदा पुसला. माझ्याशी कुणीच बोलले नाही. आजूबाजूला माझ्यासारखी असंख्य भावंडे होती, सगळी एका चेहऱ्याची, आणि एकाचीही दुसऱ्याशी ओळख नव्हती. एकटेपणा मी असा जन्मापासूनच घेऊन आलो आहे.

दुकानातून मला एक आई आणि तिची लेक घेऊन आल्या. आई कपडे शिवायची. तिने माझे झाकण अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून पाहिले, कापड बघतात तसे, आणि म्हणाली, "पोत बरा आहे." माझ्या आयुष्यातले हे पहिले कौतुक. लेकीला घरात सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी कधी टिकतच नसे. माझ्यासमोर मात्र ती तासन्‌तास बसे. तिचा अभ्यास, तिची गाणी, मैत्रिणींशी भांडणे, सगळे माझ्यावर चाले. माझ्या बटणांच्या फटींत बिस्किटांचा चुरा गेला, झाकणावर चिकटचित्रे लागली. माझ्याशिवाय तिचे पान हलत नसे. ते माझे सुखाचे दिवस होते, मित्रांनो. तेव्हा ते सुख आहे हे मला कळले नाही, एवढेच.

मग भिंगरीला दूरच्या शहरात नोकरी लागली. कचेरीने तिला नवा, माझ्यापेक्षा हलका लॅपटॉप दिला. गरज सरो, वैद्य मरो! पण तिने मला टाकले नाही. निघायच्या दुपारी तिने मला आईच्या कापड कापायच्या टेबलावर ठेवले आणि घाईघाईने शिकवायला सुरुवात केली.

"हे बघ, हे दाबलं की मी दिसेन. बोलताना हे बटण दाबलंस की माझा फोटो निघेल. फोटो असा धरायचा, असा ओढायचा, आणि पाहिजे तिथे सोडायचा. समजलं?"

"धरायचा, ओढायचा, सोडायचा," आईने म्हणून पाहिले.

"आणि आई, कोपऱ्यात ही टोपली आहे ना, ती..."

तेवढ्यात खाली गाडीचा भोंगा वाजला. "बाकीचं फोनवर सांगते!" असे म्हणून भिंगरी उठली. आईने तिच्या बॅगेत एक उशी कोंबली. चिंध्यांचे चौकोन जोडून तिने ती स्वतः शिवली होती. "अगं, तिकडे असलं कोण वापरतं!" भिंगरी म्हणाली, पण वाद घालायला वेळ नव्हता. उशी गेली खरी. ती पुढे बॅगेतून बाहेर निघाली की माळ्यावर पडली, हे आईला कधीच कळले नाही. विचारायचा तिला संकोच वाटे. आणि टोपलीबद्दलचे उरलेले वाक्यही फोनवर कधी आले नाही.

आता तुम्हाला या घरातल्या टोपलीबद्दल सांगायला हवे. आई कापडाचा तुकडा कधी टाकत नाही. आज नाही तर उद्या कुठेतरी लागतोच, हा तिचा नियम. कुणाच्या कोपराला ठिगळ, कुणाच्या खिशाला आतून कापड, कुणाच्या बाहुलीला झगा, सगळे या टोपलीतूनच निघते. चांगले, अखंड कापड कपाटात. लहानसहान आणि वेडेवाकडे टोपलीत. माझ्या पडद्याच्या कोपऱ्यातही टोपली होती. आईला वाटले, चला, सगळीकडे रीत एकच आहे.

सुरुवातीला भिंगरी रोज दिसायची. आई बोलता बोलता ते बटण दाबायची आणि नेमके चुकीच्या वेळी दाबायची. फोटो निघायचे ते असे: भिंगरीचे तोंड उघडे, भिंगरीचा एक डोळा मिटलेला, भिंगरी डोक्याला टॉवेल गुंडाळून खो खो हसते आहे. भिंगरी स्वतः जे फोटो पाठवायची ते वेगळे. त्यांत ती इस्त्री केलेल्या कपड्यांत, मान तिरकी करून, जेवढ्यास तेवढे हसत उभी असायची. आईने ते सगळे एका फोल्डरमध्ये नीट लावले, कपाटात लावतात तसे. आणि स्वतः काढलेले वेडेवाकडे फोटो धरले, ओढले आणि टोपलीत सोडले.

मला तेव्हाच धस्स झाले होते. पण आम्हा यंत्रांना सांगितलेले करता येते, आपण होऊन सांगता येत नाही.

हळूहळू बोलणे कमी झाले. "आई, आज जरा गडबड आहे हं." मग फक्त रविवारी. मग रविवारीही नुसता आवाज, तोही आईच्या छोट्या फोनवर, दोन मिनिटांचा. "जेवलीस ना? मी पण. चल, ठेवते." भिंगरी वाईट नव्हती, मित्रांनो. तिच्या मागे खरोखरच काम होते. पण माझे झाकण दिवसचे दिवस मिटलेले राही. त्यावर मोजपट्टी पडे, टाचण्यांची डबी येई, एकदा तर कुणाचा अर्धा शिवलेला कोट आठवडाभर माझ्यावर पालथा पडून होता. मी आत अंधारात मशीनचा आवाज ऐकत राही.

संध्याकाळी काम संपले की मात्र आई मला उघडायची. कपाटातले फोटो ती क्वचितच बघे. ती टोपली उघडायची. तिथे फोटो नखाएवढे दिसतात. मोठा करायला गेले की एक चौकट येते आणि काहीबाही विचारते. आई घाबरून ती चौकट बंद करायची आणि चष्मा कपाळावरून नाकावर ओढून, अगदी जवळ येऊन ते बारीक बारीक चेहरे बघत बसायची. "ही बघ, शिंकतेय," ती मला म्हणायची. नाहीतर, "दात घासून आली नव्हती त्या दिवशी." तिचा श्वास माझ्या पडद्यावर उमटे. त्या घरात ती एकटी आणि मीही एकटाच, पण ती तेवढी घटका बरी जाई.

एका दुपारी खिडक्यांच्या पडद्यांचे मोठे काम आले होते. टेबलभर जाड कापड पसरले होते आणि त्याच्या घडीत माझी वायर अडकली होती. आईने कापड फर्रकन ओढले, आणि कापडाबरोबर मीही आलो. जमिनीवर आपटलो तेव्हा मी चालू होतो. माझ्या चकतीला आतून ओरखडा गेला. पडदा काळा झाला आणि पोटातून आवाज येऊ लागला, टक, टक, टक.

आईने मला त्याच पडद्याच्या कापडात गुंडाळले, छातीशी धरले आणि मशीनवरचा दिवाही न मालवता बाहेर पडली.

दुरुस्तीवाल्याचे दुकान गल्लीच्या टोकाला होते. आत जेमतेम दोन स्टुलांची जागा, आणि फळ्यांवर माझ्यासारखे पोट फाडलेले कितीतरी. त्याने कान लावून माझा आवाज ऐकला आणि मान हलवली.

"मावशी, याच्या चकतीला मार बसलाय. ही फार वेळ टिकायची नाही. महत्त्वाचं काय ते सांगा, तेवढं आधी काढतो."

"माझ्या लेकीचे फोटो," आई म्हणाली. "बाकी गेलं तरी चालेल."

"आहेत कुठे?"

"त्यातच आहेत की."

दुरुस्तीवाल्याने चकती बाहेर काढून आपल्या यंत्राला जोडली. हात हलका होता त्याचा, हे कबूल करतो. त्याला भिंगरीच्या नावाचा फोल्डर सापडला आणि त्याने एकेक करून सगळे इस्त्रीचे फोटो बाहेर काढले. मग भिंगरीने कधीतरी लिहून ठेवलेल्या गिऱ्हाइकांच्या मापांच्या याद्याही काढल्या. टोपलीकडे मात्र त्याने पाहिलेही नाही. मरायला टेकलेल्या चकतीचा एक श्वासही कचऱ्यावर घालवायचा नाही, ही त्याची कामाची पद्धत. पद्धत चांगलीच आहे. मी आतून जिवाच्या आकांताने सांगत होतो, अरे, तिकडे बघ, तिकडे! पण मला एकच शब्द येत होता, टक. त्याला वाटले, संपत आला. त्याने मला बंद केले.

दुसऱ्या दिवशी आई आली. त्याने कुणाचा तरी वापरलेला पण धड लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला. "घ्या मावशी, सगळे फोटो आलेत. एकसुद्धा गेला नाही."

आईने एकेक फोटो पाहिला. शेवटपर्यंत गेली, पुन्हा पहिल्यापासून आली. "हे नाहीत," ती म्हणाली.

"हीच ना तुमची मुलगी?"

"हीच. पण हे तिने पाठवलेले. माझे कुठे आहेत?" तिचे बोट पडद्याच्या कोपऱ्याकडे गेले. "अहो, टोपली रिकामी आहे."

दुरुस्तीवाला हसला. "रिकामीच बरी! ती कचऱ्याची असते, मावशी. नको असलेलं टाकायची. मी तिकडे गेलोच नाही."

आईने बोट मागे घेतले. मग हळूच म्हणाली, "कचरा दाराबाहेर असतो हो. आमच्याकडे टोपलीत उद्याला लागणारं असतं." आणि ती स्टुलावर बसली, तिने माझ्या मोडक्या झाकणावर हात ठेवला. "माझी लेक सगळी त्यातच होती."

दुरुस्तीवाल्याचे हसू मावळले. "परत फिरवून बघतो," तो म्हणाला. "पण या वेळी चकती उठेलच, असं नाही."

"बघा. मी बसते."

मित्रांनो, मी आयुष्यात कुणासाठी काही केले असेल तर ते त्या दुपारी. त्याने चकती आडवी धरली, उभी धरली, मध्ये मध्ये थांबून तिला गार होऊ दिले. दोनदा तिने फिरायचेच नाकारले. तिसऱ्यांदा ती फिरली. जेवढे होते नव्हते तेवढे सगळे बळ मी लावले. मग चकती थांबली आणि पुन्हा कधीच फिरली नाही.

"अर्धेमुर्धेच निघालेत, मावशी," दुरुस्तीवाला खाली बघत म्हणाला. "पुष्कळांचा खालचा भाग गेलाय, तिथे नुसता राखाडी पट्टा आहे. चालतील का?"

"मी शिवणारी बाई आहे," आई म्हणाली. "मला अर्धं कापड चालतं. दाखवा."

त्याने पहिलाच फोटो उघडला आणि तो पडदाभर झाला. आई दचकून मागे सरली. हे फोटो तिने कधी मोठे पाहिलेच नव्हते! भिंगरी होती, डोक्याला टॉवेल, डोळे हसून बारीक झालेले. खांद्यांखाली सगळे राखाडी. आई पुढे वाकली. मग आणखी पुढे वाकली. भिंगरीच्या खांद्यामागे खुर्ची होती, आणि खुर्चीला टेकवून एक उशी ठेवली होती, चौकोनाला चौकोन जोडलेली. नखाएवढ्या फोटोत तो नुसता ठिपका होता. आईने दुसरा फोटो उघडायला लावला. उशी होती. तिसरा खालपर्यंत शाबूत होता, त्यात भिंगरी उशी मांडीवर घेऊन बसली होती.

"वापरतेय," आई म्हणाली. आणि इतक्या दिवसांत माझ्यासमोर कधी रडली नव्हती ती त्या अनोळखी दुकानात पदर तोंडाला लावून रडली. दुरुस्तीवाल्याने उगाचच पंखा लावला.

निघताना तो म्हणाला, "हा जुना राहू दे माझ्याकडे. सुटे भाग होतील."

"नको, द्या तो," आई म्हणाली. घरी येऊन तिने मला पुसले आणि या टोपलीत ठेवले.

त्या संध्याकाळी तिने दुकानातून आणलेल्या लॅपटॉपवरून तो टॉवेलवाला फोटो भिंगरीला पाठवला. थोड्याच वेळात वर घंटी वाजली. मी तळाशी होतो, मला दिसले काहीच नाही. फक्त ऐकू आले.

"आई, हा कसला फोटो ठेवलास! किती ध्यान दिसतेय मी. आणि अर्धा का आहे?"

आईने सगळे सांगितले. टोपलीचेही सांगितले. भिंगरी याच घरात वाढलेली. टोपली म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"आणि माझा जुना लॅपटॉप?" तिने विचारले.

"टोपलीत ठेवलाय."

"बरं केलंस," भिंगरी म्हणाली. "आई, थांब, उशी दाखवते. शिवण जराशी उसवलीय. कशी घालायची सांग ना."

तेव्हापासून ती रोज दिसते असे मी म्हणणार नाही. खोटे कशाला बोलू? कधी आठवडा जातो, कधी दोन. पण बोलते तेव्हा चेहरा दाखवून बोलते, आणि एखाद्या दिवशी मुद्दाम वेडेवाकडे तोंड करून म्हणते, "दाब गं बटण!"

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे कुणी असेल तर त्याची वायर वाटेत ठेवू नका, आणि त्याच्यातले मोलाचे आणखी एके ठिकाणीही ठेवा. कुणाला काही शिकवायला बसलात तर भोंगा वाजला तरी वाक्य पुरे करा. आणि दुसऱ्याचा कचरा टाकण्याआधी एकदा त्याला विचारा, हा कचराच आहे ना?

मला आता कुणी उघडत नाही. पडद्यावर कुणाचा श्वास उमटत नाही. वरून मशीनचा आवाज येतो, मधूनच हसण्याचा येतो, आणि एखादा तुकडा शोधत आईचा हात खाली येतो. तो माझ्या पाठीला लागतो, क्षणभर थांबतो आणि बाजूचे अस्तर घेऊन वर जातो. मी रोज त्याची वाट बघतो. या घरात टोपलीतले सगळे कधी ना कधी लागतेच.