ऊन लागलं असेल

आमच्याकडे मे महिन्यात कुणी चक्कर येऊन पडलं, तर डॉक्टरच्या आधी कांदा येतो. नाकाशी फोडलेला कांदा, डोक्यावर ओलं फडकं, घोटभर ताक, आणि भोवती जमलेल्या सगळ्यांचं एकमत की ऊन लागलं. त्रेचाळीस डिग्रीत वाद कोण घालणार? मीही आयुष्यात कधी घातला नाही. तोच माझा गुन्हा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

मी चनमल्लप्पा. मंद्रूपच्या शाळेत पी.टी. शिकवतो आणि सोलापुरात भुईकोट स्पोर्ट्स नावाचा फुटबॉल क्लब चालवतो. चालवतो म्हणजे ढकलतो. आमच्या लीगमध्ये एके काळी दहा संघ होते, आता सहा उरलेत, आणि त्यातल्या दोघांना अकरा माणसं भरताना शेजारच्या गल्लीतून पोरं उचलून आणावी लागतात. कारण एकच. उन्हाळा आला की कोल्हापूर-पुण्याचे क्लब येतात आणि बरा दिसेल तो खेळाडू घेऊन जातात. माझी पोरं मोबाईलवर तासन्‌तास बघत बसतात, इंग्लंडच्या क्लबनं स्पेनचा कोण उचलला, सौदीवाले कुणाला नेणार, कुठल्या लीगमध्ये आता दम राहिला नाही. मला ओरडून सांगावंसं वाटायचं की लेको, दम न राहिलेल्या लीगमध्ये तुम्हीच खेळताय.

गेल्या वर्षी एका बैठकीत पुण्याच्या क्लबचा एक माणूस सगळ्यांसमोर म्हणाला, सोलापूरच्या लीगमधले दहा गोल म्हणजे आमच्याकडचे दोन धरायचे. सगळे हसले. मीही हसलो. घरी आल्यावर मात्र मला जेवण गेलं नाही, आणि त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली. आपला एक खेळाडू पुणे नाही, कोल्हापूर नाही, थेट गोव्याच्या लीगमध्ये गेला पाहिजे.

तो खेळाडू माझ्याकडे होता. बिरुदेव, वय एकोणीस, मंद्रूपच्या शिवारातल्या मायाप्पा धनगराचा मुलगा. उजवीकडून बॉल घेऊन सुटला की समोरचा डिफेंडर पाठ करून पळायला लागायचा, एवढी त्याची धास्ती. बोलायला अगदी कमी. मी शिवी दिली तरी मान खाली घालून हसायचा. पोटच्या पोरासारखा होता असं म्हणणार नाही, कारण पोटच्या पोराशी मी असं वागलो नसतो.

तो पहिल्यांदा पडला एप्रिलमध्ये, दुपारच्या सरावात. पळता पळता पाय मुडपले आणि तोंडावर आला. मिनिटभरात उठून बसला. कांदा, ताक, ओलं फडकं, सगळं झालं. दुसऱ्यांदा पडला मेमध्ये, उन्हाळी स्पर्धेच्या फायनलला. दोन गोल केले आणि शेवटच्या शिट्टीनंतर सगळे त्याच्याकडे धावत असतानाच खाली गेला. त्या दिवशी गोव्याच्या क्लबचा माणूस बघायला आला होता. तो छत्रीखाली बसून रुमालानं मान पुसत होता. मी त्याच्याकडे बघून म्हणालो, आमच्याकडचं ऊन हो, दुसरं काय. त्यानं लगेच मान हलवली. त्याला तर बसल्या जागी चक्कर यायची वेळ आली होती.

तिसऱ्यांदा पडला जूनच्या अखेरीस. सकाळचे सात वाजले होते, आभाळ भरून आलं होतं आणि मैदानावर गार वारा होता. पोरं जमली, एकानं सवयीनं पिशवीतून कांदा काढला, आणि माझ्या मनात काहीतरी गचकन हललं. मी म्हणालो, उन्हाळाभर अंगात साठलेली उष्णता आता बाहेर पडतेय. पोरांना ते पटलं. मी बोलतो ते पोरांना पटतं, हे फार वाईट आहे.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात गोव्याहून कागद आले. नोंदणीची मुदत दोन दिवसांनी संपणार होती. त्यात तब्येतीचा एक फॉर्म होता, इंग्रजीत. मी मोटारसायकलवरून मायाप्पाच्या वस्तीवर गेलो. मेंढरं वाघरात, जाळीच्या कुंपणात, होती, मायाप्पा बाजेवर बसला होता आणि त्याची बायको केराबाई उंबऱ्याशी मेंढीच्या पायातला काटा काढत होती. बिरुदेव माझ्याशेजारी गुडघे जवळ घेऊन बसला. मी एकेक प्रश्न मराठीत सांगत होतो आणि उत्तर लिहीत होतो. हाड मोडलं होतं का, दमा आहे का, असले प्रश्न भराभर उरकले. मग एक प्रश्न आला, खेळताना कधी शुद्ध हरपली आहे का. तो मी वाचलाच नाही. मोकळा सोडून पुढे गेलो. त्याच्या खालचा मात्र तोंडातून निघून गेला. घरातलं कुणी तरुण वयात अचानक वारलं आहे का?

मायाप्पा म्हणाला, "न्हाय."

केराबाईनं मेंढीचा पाय खाली सोडला. "भारतभावजी गेलं की."

"त्येला ऊन लागलं व्हतं," मायाप्पा म्हणाला.

"माघात?"

भारत हा मायाप्पाचा धाकटा भाऊ. बाविसाव्या वर्षी मेंढरामागं पळताना पडला आणि परत उठला नाही. सगळ्या वस्तीनं ऊन लागलं म्हटलं आणि वीस वर्षं तेच चालत आलं होतं. माघात आमच्याकडे पहाटे शेकोटी लागते, हे त्या वीस वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, किंवा एकटीच्या लक्षात होतं आणि तिला कुणी विचारलं नव्हतं.

केराबाई माझ्याकडे बघून म्हणाली, "सर, पळताना पडणारं कोकरू आमी वाटंला लावत न्हाय. घरापाशी ठिवतो. ह्यो बी पळतानाच पडतोय. उन्हाचं नाव घिऊ नका."

तिला मी काय उत्तर दिलं ते सांगायची लाज वाटते. म्हणालो, वहिनी, पोरगं आणि कोकरू यात फरक आहे, आणि तिथे मोठे डॉक्टर असतात, ते बघतील. मायाप्पाला ते बरं वाटलं. बिरुदेव मात्र आईकडे नाही, माझ्या हातातल्या पेनाकडे बघत होता. ते दोन्ही प्रश्न हृदयाच्या दुखण्यासाठी विचारतात, हे मला ठाऊक होतं. सोलापुरात हृदयाची तपासणी करून घ्यायची तर दोन दिवस तरी जाणार होते, आणि तेवढ्यात मुदत संपणार होती. पुण्याचा तो माणूस माझ्या डोळ्यांसमोर हसत होता. मी दोन्ही प्रश्नांपुढे 'नाही' लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

फिटनेसच्या दाखल्यासाठी माझ्या वर्गमित्राकडे, डॉक्टर बसलिंगप्पाकडे गेलो. त्यानं बिरुदेवला विचारलं, काही त्रास? उत्तर मी दिलं. त्यानं बनियनवरूनच छातीला नळी लावली, तेवढ्यात बाहेर पेशंट भांडायला लागले आणि त्यानं सही करून टाकली. मी मनात म्हटलं, चला, डॉक्टरनंही बघितलं.

बिरुदेव निघाला त्या दिवशी मायाप्पानं त्याच्या कपाळाला भंडारा लावला. पोरांनी हार घातले. आमच्या क्लबात उन्हाळ्यात प्रत्येकाच्या किटबॅगेत एक कांदा असतो. मी हसत हसत त्याच्या बॅगेत तीन कांदे टाकले. केराबाई एसटीपर्यंत आली नाही. पेपरात चार ओळी आल्या, भुईकोटचा बिरुदेव गोव्याच्या लीगमध्ये. ते कात्रण मी पुण्याच्या त्या माणसाला व्हॉट्सॲपवर पाठवलं. त्यानं अंगठा पाठवला. आयुष्यात एवढा आनंद मला क्वचित झाला असेल.

तो आनंद आठवडाभर टिकला. मग मला एक विचित्र सवय लागली. सकाळी उठलं की मोबाईलवर गोव्याचं तापमान बघायचं. सव्वीस. सत्तावीस. पाऊस. मी मनाची समजूत घालायचो की तिथे ऊनच नाही, तेव्हा पोराला काही होणार नाही. आणि दुपारी शाळेच्या मैदानावर शिट्टी वाजवताना तीच गोष्ट उलटी होऊन समोर यायची. तिथे ऊन नाही आणि तो पडला तर? मी शिट्टी तोंडात धरून तसाच उभा राहायचो. पोरं विचारायची, सर, काय झालं?

एकदा बाजाराच्या दिवशी केराबाई दिसली. मी लांबूनच ओरडून सांगितलं की पोरगं मजेत आहे. ती भाजीच्या पाटीआडून नुसती बघत राहिली. मी मोटारसायकल वळवली आणि लांबच्या रस्त्यानं घरी गेलो.

लीगचा पहिला सामना ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी होता. क्लब तो मोबाईलवर दाखवणार होता. मी मोठ्या हौसेनं जाहीर करून ठेवलं होतं की शाळेच्या वर्गात प्रोजेक्टरवर सगळ्या गावाला सामना दाखवायचा. त्या सकाळी दहाला बिरुदेवचा फोन आला.

"सर, काल सरावाला पडलो," तो म्हणाला.

माझ्या तोंडून सवयीनं गेलं, "ऊन होतं?"

"न्हाय सर. हितं आठ दिस झालं पाऊस हाय." मग घाईनं म्हणाला, "कांद्याचा वास बी घेतला. लगीच उठलो."

मी विचारलं, डॉक्टरनं बघितलं का?

"बघितलं की. इचारलं, ह्याआधी कधी असं झालंय का. मी न्हाय म्हणलं. तुमी कागदावर 'न्हाय' लिवलंय न्हवं. दोघांचं येगळं नगं."

मग त्यानं सांगितलं की आज त्याला सुरुवातीपासून खेळवणार आहेत, आईला बघायला बोलवा. त्याच्या आवाजात एवढा आनंद होता की मला 'खेळू नकोस' म्हणता आलं नाही. फोन ठेवला आणि क्लबच्या मॅनेजरचा नंबर काढला. काय बोलायचं ते मनात जुळवलं. फॉर्म मी भरला, दोन उत्तरं खोटी आहेत, त्याला उतरवू नका. एवढंच. तीन वाक्यं. नंबर दाबला आणि घंटी वाजायच्या आत तोडला. ही एक मॅच होऊ दे, संध्याकाळी सांगतो. एका मॅचनं काय होतं? असं मी स्वतःला अगदी शांतपणे सांगितलं, आणि ते मलाही पटलं.

चार वाजता वर्ग गच्च भरला. मायाप्पा पहिल्या बाकावर, नवा फेटा बांधून. केराबाई येणार नाही असं वाटलं होतं, पण ती आली आणि भिंतीशी बसली. पडद्यावर हिरवंगार मैदान दिसलं, त्यावर जागोजाग साचलेलं पाणी आणि वर काळं आभाळ. बिरुदेव दिसला तशी पोरांनी बाकं बडवली. केराबाईनं शेजारच्या पोरीला विचारलं, "तितं ऊन हाय का?" पोरगी म्हणाली, न्हाय मावशी, पाऊस हाय की. केराबाईनं पदर तोंडाशी धरला आणि पुन्हा काही विचारलं नाही.

पहिला अर्धा तास तो फार सुंदर खेळला. हे मला सांगायलाच हवं. गोव्याची पोरं त्याच्यामागं धावत होती आणि कॉमेंट्री बोलणारा माणूस इंग्रजीत पुन्हा पुन्हा त्याचं नाव घेत होता, सोलापूरचंही घेत होता. माझा ऊर भरून आला, आणि त्याच वेळी मी घड्याळाकडे बघत हाफटाइमची मिनिटं मोजत होतो. चौतिसाव्या मिनिटाला त्याला उजवीकडे बॉल मिळाला. एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं, समोर मोकळं मैदान होतं. तो सुटला. आणि कुणीही जवळ नसताना, पाण्याच्या एका थारोळ्यात, तोंडावर गेला. बॉल एकटाच पुढे जाऊन रेषेबाहेर थांबला.

वर्गात सगळे हळहळले. "घसरला," एक पोरगा म्हणाला. मायाप्पा मागं वळून सगळ्यांना सांगायला लागला, "घसरला, घसरला. पाऊस हाय की तितं."

पडद्यावर तो उठला नाही. पंच आधी हातानंच ऊठ म्हणाला, मग वाकला, मग दोन्ही हात वर करून बाहेरच्यांना बोलवायला लागला. बोलणारा माणूस बोलायचा थांबला. नुसता पावसाचा आवाज येत होता. माणसं धावत आली आणि त्यांच्या पाठींमागं तो दिसेनासा झाला. मग त्यांनी कॅमेरा फिरवला आणि रिकाम्या खुर्च्या दाखवायला लागले.

केराबाई उभी राहिली होती. ती पडद्याकडे बघत नव्हती. बाकांमधून वाट काढत ती माझ्यासमोर आली. रडत नव्हती, ओरडली नाही, तिच्या आवाजात रागही नव्हता.

"सर, त्या कागदावर तुमी काय लिवलं व्हतं?"

चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती. मायाप्पाही आता वळला होता, त्याच्या तोंडी अजून पावसाचंच नाव होतं. खिशात माझा फोन वाजायला लागला. गोव्याचा नंबर असणार हे मला न बघता कळलं.

मी तिला सांगितलं.