ओळीपुढचं नाव

वारज्यातल्या आमच्या ऑफिसात मी पर्स ठेवते न ठेवते तोच फोन खणखणायला लागले. शाळेच्या बसचं ॲप आम्ही चालवतो. बस अजून कर्वेनगरच्या ट्रॅफिकमध्ये, आणि चाळीस घरी मेसेज गेलेला: 'आपले मूल शाळेत पोहोचले.' विसरलेला डबा द्यायला गेलेल्या एका आईला वर्गात मुलगी दिसेना, तेव्हा तिनं शाळा डोक्यावर घेतली. पाऊण तासाने बस आली, पोरं सुखरूप होती.

मालक साईनाथ सरांनी गिट उघडलं. प्रोग्रॅममध्ये कोणी कधी काय बदललं, ते गिट बदलणाऱ्याच्या शेऱ्यासकट जपून ठेवतं. त्यातलं 'ब्लेम' प्रत्येक ओळीपुढे माणसाचं नाव दाखवतं. नावं ठेवायची सोय पुण्यात हवीच! फाइलच्या दोनशे दहा ओळींपुढे एकच नाव होतं: कल्याणी. म्हणजे मी.

"वा!" सर म्हणाले. "तीन आठवड्यांत अख्खी फाइल लिहिलीत? आम्हाला चार वर्षं लागली. संध्याकाळी भेटा."

बारा वर्षं घरी बसून मिळालेली नोकरी, तीही अजून कच्ची. ही गेली तर एक्केचाळिसाव्या वर्षी मला दारात कोण उभं करणार? गिट शिकताना पहिल्या आठवड्यात मी फक्त ओळींपुढच्या वेड्यावाकड्या मोकळ्या जागा सारख्या केल्या होत्या. गबाळेपणा मला बघवत नाही. अक्षराला हात लावला नव्हता, पण हे पटणार कोणाला?

शेजारच्या टेबलावरची तनुजा हळूच म्हणाली, "ताई, ब्लेम फक्त शेवटचा हात दाखवतं. कमांडला डॅश डब्ल्यू जोडा. मोकळ्या जागांचे बदल ते धरत नाही."

टाइप करताना दोनदा चुकलं. मग माझं नाव सगळीकडून गेलं. बस कुठेही असो, ठरल्या वेळी मेसेज सोडणाऱ्या त्या चुकलेल्या ओळीपुढे आलं: साईनाथ, मागची दिवाळी. सोबत शेरा: 'तात्पुरतं. नंतर नीट करू.'

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण वळून पाहिलं, तर सर मागेच उभे होते.

त्यांनी शांतपणे वाचलं. "शाळेला कळवलंय, नवीन बाईंकडून झालं म्हणून. ओळ दुरुस्त करा आणि शेऱ्यात लिहा, 'कल्याणीची चूक दुरुस्त केली.' नोकरी उद्यापासून पक्की."

तनुजानं कानाला हेडफोन लावला. मी भित्री आहे. लिहिलं, आणि सगळ्यांच्या मशीनवर पाठवूनही दिलं.

गेल्या सोमवारी अफशीन नावाची मुलगी नवीन लागली. तिला गिट शिकवायचं काम माझ्याकडे आलं. ती जुने शेरे एकेक वाचत गेली आणि थांबली.

"ताई, त्या पोरांच्या मेसेजची चूक तुमची होती?"

सरांच्या केबिनचं दार उघडं होतं.

"हो," मी म्हटलं.