अकरावा हुकूम

मतमोजणीच्या दिवशी सकाळी नऊ वाजता आमच्या मंत्र्यांच्या दालनात उभं राहायला जागा नव्हती, आणि दुपारी बाराला तिथे तीनच माणसं उरली होती. मंत्री, त्यांचे पीए आणि मी. मीही सटकले असते, पण जावक टेबलावरच्या बाईला असं जाता येत नाही. सरकार पडो नाहीतर आभाळ कोसळो, पत्रं ऑफिसबाहेर पडतातच आणि त्यांच्यावर नंबर मीच टाकते. बावीस वर्षं टाकतेय. सगळं ऑफिस मला नंबरबाई म्हणतं. माझं खरं नाव पगारपत्रक करणाऱ्यालाच काय ते ठाऊक असेल.

टीव्हीवर आकडे सरकत होते. आमच्या मंत्र्यांच्या पक्षाचा आकडा जागचा हलेना आणि समोरच्यांचा थांबेना. तेवढ्यात फुलवाल्याचा फोन आला. सकाळी पन्नास पुष्पगुच्छ सांगून ठेवले होते. पीएंनी पाठवायला नको म्हणून सांगितलं, तर तो म्हणाला, "साहेब, ते मघाशीच दुसऱ्या पक्षाच्या ऑफिसात गेले. तुम्हाला तेवढं कळवायला फोन केला." मला हसू आलं आणि मी ते रजिस्टरमध्ये डोकं घालून लपवलं.

साडेबाराला पीए माझ्या टेबलाशी आले. बोलणं इतकं मऊ की पाठीमागे आम्ही त्यांना लोणीसाहेब म्हणायचो.

"नंबरबाई, बसू का जरा?"

इतक्या वर्षांत या माणसाने मला कधी काही विचारून केलं नव्हतं. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. वाकून बोलणारा माणूस बहुतेक काहीतरी उचलायलाच वाकलेला असतो.

त्यांनी माझ्यासमोर दहा कागद ठेवले. दहाही हुकूम. कुणाला दवाखान्यासाठी जमीन, कुणाला औषधांचा परवाना, कुणाच्या पुतण्याच्या नर्सिंग कॉलेजला मान्यता. सगळ्यांवर तारीख दीड महिन्यापूर्वीची, म्हणजे आचारसंहिता लागायच्या आधीची. आणि मंत्र्यांची सही इतकी ताजी की वरच्या कागदाची शाई खालच्याला लागली होती.

"जागा आहेत ना?" त्यांनी हळूच विचारलं.

आता या जागा म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल मी कुठली कोण अट्टल गुन्हेगार. जावक रजिस्टरमध्ये एका ओळीत एक पत्र. नंबर, तारीख, कुणाला, कशाबद्दल, आणि शेवटी नोंद करणाऱ्याची छोटी सही. नंबर ओळीने चालतात, मागे जाता येत नाही. पण साहेब लोक विसरतात, आणि विसरले की ओरडतात. म्हणून रोज संध्याकाळी रजिस्टर मिटताना दोन ओळी नुसते नंबर घालून कोऱ्या सोडायच्या. महिनाभर कुणी मागितल्या नाहीत की त्यावर "रद्द" लिहायचं. मला हे माझ्या आधीच्या बाईंनी शिकवलं, त्यांना त्यांच्या आधीच्यांनी. कुठल्या नियमात नाही, पण प्रत्येक ऑफिसात आहे. निवडणूक जवळ आली की मी दोनाच्या चार सोडायचे. यावेळी "रद्द" लिहायचं राहून गेलं होतं. राहून गेलं म्हणजे, मी ठेवलं होतं. खोटं कशाला बोलू?

पण त्या दिवशी ते कागद बघून माझं डोकं सणकलं. "साहेब, निकाल लागलाय," मी म्हटलं. "मेलेल्या माणसाचा अंगठा उठवल्यासारखं आहे हे. मला जमायचं नाही. माझ्या पेन्शनला आठ वर्षं राहिलीत."

लोणीसाहेब रागावले नाहीत. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून अकरावा कागद काढला, उघडला आणि माझ्याकडे फिरवून ठेवला.

माझ्या धाकट्या बहिणीच्या बदलीचा हुकूम होता तो.

माझी बहीण सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तिचा नवरा अचानक गेला तेव्हा तिची मुलगी तीन वर्षांची होती. दवाखाना इथून दहा तासांवर, डोंगरातल्या एका गावात. दर आठवड्याला रात्रपाळी, राहायला एक खोली, त्यात आणखी दोघी नर्सेस. लेकरू ठेवायचं कुठे? मी म्हटलं, दे माझ्याकडे. माझ्या घरात मी आणि माझा रेडिओ, तिसरं कुणी नाही. तेव्हापासून खारू माझ्याकडे. पुढचे दोन दात मोठे आणि सारखं काहीतरी कुरतडत असते म्हणून मी तिला खारू म्हणते. बहीण महिन्यातून एकदा यायची. आली की खारू आधी माझ्या पाठीमागे लपायची, आणि जायच्या वेळी तिच्या पायांना मिठी मारून सोडायची नाही. दर महिन्याला तेच.

तीन वर्षांत बदलीचे सात अर्ज केले होते. सातवा मंजूर होऊन हुकूमही टाईप झाला होता, मग आचारसंहिता लागली आणि तो बिनसहीचा राहिला, असं मला लोणीसाहेबांनीच सांगितलं होतं. आता त्यावर सही होती.

"दहा माझे, एक तुमचा," ते म्हणाले. "उद्या नवे लोक येतील. त्यांना तुमची बहीण कोण, कुठली, काय देणंघेणं? पुन्हा पहिल्यापासून अर्ज करत बसा."

मी काय केलं ते सरळ सांगते. मी पेन उचललं.

दहा हुकूम मी डोळ्यांत तेल घालून चढवले. जुन्या पानांवरची शाई निळी, म्हणून निळं पेन. प्रत्येक ओळीत जुनी तारीख, शेवटी सही, सहीखाली पुन्हा तीच जुनी तारीख. चूक एक नाही. मग अकरावा घेतला. बहिणीचं नाव लिहिताना माझे डोळे भरून आले. आता ती घरी येणार, खारूला आई मिळणार. नंबर, तारीख, कुणाला, कशाबद्दल सगळं लिहिलं, सही केली, आणि रजिस्टर मिटलं.

बहीण पंधरा दिवसांत इथल्या मोठ्या दवाखान्यात रुजू झाली. पत्र टपालात अडकलं होतं, असं मी तिला सांगितलं. तिने कशाला विचारावं? ती तर रडत होती आणि हसत होती. दाराशी तिचे पांढरे बूट दिसायला लागले. खारूने भिंतीवर आईच्या पाळ्यांचा तक्ता काढला, दिवसपाळीला सूर्य आणि रात्रपाळीला नुसता काळा गोळा. रात्री ती आईच्या कुशीत जायची. वेणी घालून घ्यायलाही आईकडेच, आणि बहिणीला तर धड वेणीही घालता येत नाही. मला जरा खुपलं. पण म्हटलं, अगं, हेच तर हवं होतं ना तुला? घरात तीन ताटं पडत होती. तेवढं सुख मला पुष्कळ होतं.

मग नवे मंत्री आले. दालनाला नवा रंग लागला, नवी पाटी आली, नव्या खुर्च्या आल्या. आणि चौथ्या दिवशी सकाळी दार उघडून कोण आत आलं? लोणीसाहेब! तोच कोट, तेच हसू. नव्या मंत्र्यांचेही पीए तेच. अनुभवी माणूस म्हणे. मी मनात म्हटलं, सरड्याला निदान रंग बदलायला कुंपण तरी लागतं, हा तर जागेवरच बदलला.

नव्या मंत्र्यांनी प्रचारात गल्लोगल्ली सांगितलं होतं, की गेलेल्या सरकारने जाता जाता काढलेले सगळे हुकूम तपासू, एकालाही सोडणार नाही. आता बोलले म्हटल्यावर तपासणं आलं. आणि तपासायला कोण? लोणीसाहेब. त्यांनी माझं रजिस्टर मागून घेतलं, दोन दिवस ठेवलं, आणि तिसऱ्या दिवशी मला आत बोलावलं. मंत्री मोठ्या टेबलाच्या पलीकडे बसले होते, नव्या खुर्चीची सवय नसल्यासारखे पुढे सरकून. लोणीसाहेब शेजारी उभे. रजिस्टर उघडं.

"बाई, ही नोंद तुमची?"

मी वाकून बघितलं. बहिणीची ओळ. तारखेच्या रकान्यात जुनी तारीख, नीट. पण शेवटी माझ्या सहीखाली मी त्या दिवशीची खरी तारीख घातली होती. मतमोजणीची. बावीस वर्षं सही केली की त्याखाली आजची तारीख घालायची, हाताला दुसरं ठाऊकच नाही. दहा परक्या कागदांवर मी हाताला लगाम घातला होता. माझ्या माणसाच्या कागदावर मन भरून आलं आणि हात आपला सवयीने गेला. वर निळ्या शाईत ते ठसठशीत!

"माझीच," मी म्हटलं.

"आणि या नर्सबाई तुमच्या कोण?" मंत्र्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, खरं तर त्यांना वाईटच वाटत होतं असं मला वाटलं. पण त्यांना काहीतरी सापडायला हवं होतं, आणि सापडलं होतं.

"बहीण."

"म्हणजे सरळच आहे," लोणीसाहेब मऊपणे म्हणाले. "बाकी मी सगळं पाहिलं, साहेब. बाकीच्या नोंदी नियमात आहेत."

बाकीच्या नोंदी नियमात! त्या दहाजणांपैकी दोघांना मी त्याच आठवड्यात नव्या मंत्र्यांच्या गाडीतून उतरताना पाहिलं होतं. माझ्या तोंडात शब्द आले. मी म्हटलंसुद्धा, "साहेब, बाकीचे दहा..."

"कुठले दहा?" लोणीसाहेबांनी रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. "दाखवा ना. अक्षर कुणाचं आहे तेही सांगा."

अक्षर माझं. दहाही ओळी माझ्या. त्यांच्या हातचं एक टिंब त्या रजिस्टरमध्ये नव्हतं. मंत्री माझ्याकडे बघत होते, वाट बघत होते. मी तोंड उघडलं असतं तर नोकरी गेली असती, पेन्शन गेली असती, कदाचित तुरुंगही. मग बहिणीला आणि खारूला कोण? असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मी घाबरले.

"काही नाही, साहेब," मी म्हटलं.

मला लेखी ताकीद मिळाली. बहिणीची बदली रद्द झाली, आणि तिच्या सेवापुस्तकात शेरा पडला की तिने गैरमार्गाने बदली मिळवली. तो बदली रद्द केल्याचा हुकूम जावक नंबरासाठी माझ्याच टेबलावर आला. दिवसभर मी तो बाकीच्या कागदांखाली ठेवला. पाच वाजता लोणीसाहेबांनी दारातून नुसतं बघितलं, आणि मी नंबर टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बातम्यांत नव्या सरकारच्या पहिल्या दणक्यात आमच्या खात्याचंही नाव होतं.

बहिणीला घरी येऊन मी सगळं सांगितलं. आता लपवून काय उपयोग? ती खाटेवर बसून ऐकत होती, युनिफॉर्मही बदलला नव्हता.

"ताई, तू मला आधी सांगितलं असतंस तर मी रुजूच झाले नसते," ती म्हणाली. "बारा वर्षं माझ्या कामावर कुणी बोट ठेवलं नव्हतं."

"तुझ्यासाठीच केलं गं."

"माहितीये. म्हणून तर तुझ्यावर धड ओरडताही येत नाही मला."

मी म्हटलं, पुन्हा अर्ज करू, नवं सरकार आहे, थोडं थांब. ती थकल्यासारखी हसली. "तीन वर्षं थांबले. ती सहाची झाली. आता पहिल्यांदाच मला बघून ती लपत नाही एवढं झालंय, ते मी पुन्हा घालवणार नाही. मी तिला घेऊन जातेय."

"कुठे ठेवशील? रात्रपाळीला काय करशील?"

"वॉर्डात रिकामी खाट असते एखादी. झोपेल तिथे. जे होईल ते होईल, पण माझ्या डोळ्यांसमोर होईल."

मी सात अर्ज लिहिले, खोटी नोंद केली, बावीस वर्षांच्या नावाला काळं फासलं, ते सगळं या दोघी माझ्या घरात एकत्र राहाव्यात म्हणून. आता दोघी एकत्र राहणार होत्या. फक्त माझं घर त्यात नव्हतं. मी भांडले, तिच्या नवऱ्याच्या आठवणीची शपथ घातली, एकदा तर म्हणाले की मुलगी तुझ्यापेक्षा माझ्या अंगाखांद्यावर जास्त वाढलीय. ते बोलायला नको होतं. तिने कपडे घडी करणं थांबवलं नाही.

रविवारी सकाळी त्या निघाल्या. खारूने स्वतःची पिशवी स्वतः भरली होती. तिच्या दृष्टीने ही मजाच होती, आईच्या दवाखान्यात राहायला जायचं. बहीण पुढे बॅग घेऊन जिना उतरायला लागली. खारू दोन पायऱ्या उतरून थांबली आणि माझ्याकडे वळली.

"मावशी, तुझी बदली कधी होणार तिकडे?"

घरात आई आणि मावशी तीन वर्षं एकच गोष्ट बोलत होत्या, त्यामुळे तिला वाटत होतं, माणसं एकत्र यायची ती बदली झाली की येतात.

"अर्ज करते हं," मी म्हटलं.

"लवकर कर," ती म्हणाली, आणि पूर्ण विश्वासाने खाली उतरून गेली.